निदान कुणाचं होतं, कुणाचं राहून जातं

शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरली, तर ३१ ऑगस्टला जन्मलेलं मूल यंदा वर्गात बसतं आणि १ सप्टेंबरला जन्मलेलं पुढच्या वर्षी. दोघांत अंतर एका दिवसाचं, पण एक आपल्या वर्गात सगळ्यांत धाकटं आणि दुसरं आपल्या वर्गात सगळ्यांत थोरलं. सहाव्या वर्षी बारा महिन्यांचा फरक मोठा असतो. एका जागी बसणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, सांगितलेल्या तीन गोष्टी क्रमाने करणं, हे सगळं त्या एका वर्षात झपाट्याने सुधारतं.

अमेरिकेत १ सप्टेंबरचा नियम असलेल्या राज्यांतल्या मुलांच्या विमा-नोंदी तपासल्या गेल्या आणि तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या दर १०,००० मुलांमागे सुमारे ८५ जणांना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या अवस्थेचं, निदान झालं होतं, सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या दर १०,००० मागे सुमारे ६४ जणांना. जिथे हा नियम नव्हता, त्या राज्यांत या दोन महिन्यांत असा फरक सापडला नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात प्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर आहे. तिथे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्के जास्त वेळा हे निदान मिळालं होतं, मुलींना तर ७० टक्के जास्त वेळा. डेन्मार्कमध्ये मात्र असा परिणाम जेमतेमच दिसला. तिथे अजून तयार न झालेल्या मुलाला शाळेत वर्षभर उशिरा घालायची पद्धत आहे, आणि निदान तज्ज्ञांकडूनच होतं.

जन्माच्या महिन्याने मेंदूची रचना बदलत नाही. बदलते ती तुलना, आणि तुलना करणारी व्यक्ती म्हणजे बहुतेक वेळा वर्गशिक्षिका. तिच्यासमोर तीस मुलं असतात, त्यांतलं सगळ्यांत चुळबुळं मूल तिच्या नजरेत भरतं. यात तिचा दोष नाही. दोष असलाच तर तो तिच्या शेऱ्याला वयाची फूटपट्टी न लावता तो तसाच उचलून धरणाऱ्याचा.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, एडीएचडी, अध्ययन अक्षमता, बौद्धिक दिव्यांगता अशा मेंदूविकासाशी निगडित अवस्थांचं निदान रक्ततपासणीवर किंवा एमआरआयवर होत नाही. या तपासण्या झाल्या तरी त्या कारण शोधण्यासाठी किंवा दुसरा आजार वगळण्यासाठी असतात. निदान होतं ते मुलाचं वागणं पाहून, गरज असेल तिथे बुद्धीच्या किंवा वाचन-लेखनाच्या चाचण्या घेऊन आणि त्या वागण्याचं कुणीतरी केलेलं वर्णन ऐकून. ते वर्णन कोण करतं, कोणत्या भाषेत करतं आणि त्यावर विश्वास ठेवला जातो की नाही, यावर बरंच काही ठरतं. घरची ऐपत, आईवडिलांचं शिक्षण, मुलाचं लिंग, वंश, घरातली भाषा या गोष्टी इथून आत शिरतात.

दोन प्रश्न इथे वेगळे ठेवायला हवेत, ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. मुलाला ती अवस्था असण्याची शक्यता किती, हा एक. असेल तर ती ओळखली जाण्याची शक्यता किती, हा दुसरा. फार अपुऱ्या दिवसांचा जन्म किंवा वडिलांचं वाढलेलं वय यांचा संबंध पहिल्या प्रश्नाशी आहे. शाळाप्रवेशाची तारीख निव्वळ दुसऱ्या प्रश्नात येते. घरच्या उत्पन्नाचा मात्र दोन्हींशी संबंध लागू शकतो, म्हणून तिथे फार जपून बोलावं लागतं. अमेरिकेतल्या २०१० सालच्या एका मोठ्या अभ्यासात सुस्थितीतल्या वस्त्यांतल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण जास्त आढळलं. स्टॉकहोममधल्या मुलांवरचा अभ्यास २०१२ साली आला, तेव्हा चित्र नेमकं उलटं निघालं: कमी उत्पन्नाच्या आणि अंगमेहनतीची कामं करणाऱ्या घरांत प्रमाण जास्त. स्वीडनमध्ये तपासणी सगळ्यांना जवळपास सारखी उपलब्ध आहे. म्हणजे अमेरिकेत जे 'श्रीमंतांमध्ये जास्त' दिसत होतं, त्याचा मोठा भाग तपासणीपर्यंत पोहोचण्याच्या ऐपतीचा होता, असं माझं वाचन आहे. यावरून गरिबीमुळे ऑटिझम होतो असं कुणी म्हणू लागलं, तर ती दुसऱ्या टोकाची चूक ठरेल.

आता मूल तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचतं कसं ते पाहू. पहिली पायरी म्हणजे कुणाला तरी काहीतरी खटकणं. ज्या घरात पहिलंच मूल आहे आणि आसपास दुसरी मुलं नाहीत, तिथे तुलनेला काही नसतं. दीड वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नाही, हे वेगळं आहे, हे कळायला वळणारं मूल आधी पाहिलेलं असावं लागतं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या कुटुंबांची पाहणी २०१८ साली आली होती. तीत आजीशी नेहमी संबंध असलेल्या मुलांचं निदान सरासरी सुमारे ५ महिने आधी झालेलं दिसलं. आजीने आधी चार मुलं वाढवलेली असतात, म्हणून तिला फरक दिसतो. पण दिसलं तरी ती बोलतेच असं नाही. नातेवाइकांना खटकलेलं असतं, पण सूनबाईला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतात. दरम्यान 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे वडीलही असेच होते' अशी वाक्यं पुढचे सहा महिने खाऊन टाकतात.

आईवडिलांनी बोलून दाखवलं, म्हणून ऐकून घेतलं जातंच असंही नाही. अमेरिकेतल्या ऑटिझम असलेल्या ५८४ कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांचं निदान सरासरी पाच वर्षं पाच महिन्यांच्या वयाला झालं होतं, आईवडिलांना पहिली शंका आल्यानंतर तीन वर्षांहूनही जास्त काळाने. त्यांतल्या बहुतेकांकडे आरोग्यविमा होता. शंका होती, सोय होती, तरी तीन वर्षं गेली. अशा आकड्यापुढे 'पालकांमध्ये जागृती नाही' हे नेहमीचं उत्तर टिकत नाही.

पुढची पायरी प्रश्नावलीची, आणि इथे जरा रेंगाळतो, कारण इथल्या चुका दुरुस्त करायला सगळ्यांत सोप्या आहेत. ऑटिझमसाठी कुणाला पुढे तपासायचं ते निवडायला १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची चाळणी जगभर वापरली जाते. उत्तरं फक्त हो किंवा नाही. ० ते २ गुण आले तर धोका कमी, ३ ते ७ आले तर पालकांशी पुन्हा सविस्तर बोलून खटकलेल्या प्रत्येक प्रश्नाची उदाहरणं घ्यायची, ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे. बहुतेक प्रश्नांना 'नाही' हे धोक्याचं उत्तर. पण दुसरा, पाचवा आणि बारावा हे तीन प्रश्न उलटे आहेत: मूल बहिरं तर नाही ना असं कधी वाटलं का, डोळ्यांजवळ बोटं विचित्र हलवतं का, रोजच्या आवाजांनी अस्वस्थ होतं का. इथे 'हो' म्हणजे धोका.

आता ज्या आईला नीट वाचता येत नाही, किंवा प्रश्न विचारणाऱ्या बाईंसमोर आपलं मूल कमी दिसू नये असं वाटतं, ती काय करेल याची कल्पना करा. ती वीसच्या वीस प्रश्नांना 'हो' म्हणेल. तिचे गुण होतात बरोबर ३, म्हणजे मध्यम धोका. पुढचं बोलणं नीट झालं तर पाच-दहा मिनिटांत खरं काय ते कळतं. ते झालं नाही तर दोनच गोष्टी होतात: निरोगी मुलाला विनाकारण लांबच्या रांगेत उभं केलं जातं, किंवा 'ही आई सगळ्यालाच हो म्हणते' असं म्हणून कागद बाजूला पडतो आणि मूल खरंच अडचणीत असेल तर तेही त्याच्याबरोबर बाजूला पडतं. हे दुसरं बोलणं फोनवर करायचं ठरवलं, की कामाच्या वेळेत फोन न उचलू शकणारी, नंबर बदललेली, दुसरी भाषा बोलणारी कुटुंबं गळतात. म्हणून ते त्याच भेटीत, त्याच खुर्चीत उरकावं, असं माझं ठाम मत आहे.

याच प्रश्नावलीत बोट दाखवण्याबद्दल लागोपाठ दोन प्रश्न आहेत. एक, काही हवं असेल तर मूल एका बोटाने दाखवतं का. दुसरा, काहीतरी गमतीचं दिसलं म्हणून तुम्हाला दाखवायला बोट करतं का. पहिल्यात मागणी आहे, दुसऱ्यात 'बघ ना, विमान!' म्हणत गंमत वाटून घेणं आहे. ऑटिझमच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न फार मोलाचा. घाईत केलेल्या भाषांतरात किंवा तोंडी विचारताना दोन्हींचं मिळून 'बोट दाखवतो का?' एवढंच उरतं. आईला डब्याकडे केलेलं बोट आठवतं, ती हो म्हणते, आणि महत्त्वाची खूण हातची जाते. दोन्ही प्रश्न उदाहरणासह वेगवेगळे विचारा. मूल हात पसरून किंवा तुमचा हात धरून वस्तूकडे नेत असेल, तर ते बोट दाखवणं धरू नका.

चाळणी सगळ्यांची केली म्हणजे काम झालं, असंही नाही. फिलाडेल्फियातल्या एका मोठ्या आरोग्यजाळ्यात जवळपास सगळ्या मुलांची चाळणी होत होती. २०१९ च्या अहवालात दिसलं, की पुढे ऑटिझम निघालेल्या मुलांपैकी या चाळणीत ३९ टक्केच सापडली होती. म्हणून 'चाळणीत काही आलं नाही' हे शब्द आईच्या शंकेवर शेवटचं उत्तर म्हणून वापरू नयेत. शंका राहिली तर तीन महिन्यांनी पुन्हा पाहायला बोलवावं.

मुलींबद्दल. ऑटिझममध्ये चार मुलग्यांमागे एक मुलगी असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर खरं गुणोत्तर तीनास एकच्या जवळ निघालं, म्हणजे काही मुली मोजणीतून सुटत होत्या. इंग्लंड-वेल्समधल्या जुळ्यांच्या अभ्यासात दिसलं, की ऑटिझमची लक्षणं तितकीच असूनही मुलीला निदान मिळायला सोबत बौद्धिक किंवा वागण्याच्या जास्त अडचणी असाव्या लागत होत्या. शांत, अभ्यासात बरी, एका मैत्रिणीची नक्कल करत दिवस निभावणारी मुलगी कुणाला खटकत नाही. तिला घोड्यांचं वेड असेल तर ते गोड वाटतं, तितकंच वेड मुलग्याला पंख्यांचं असेल तर लगेच लक्षात येतं. मुलींच्या बाबतीत विचारायचं ते असं: शाळेतून घरी आल्यावर पहिला तासभर काय होतं? दिवसभर सावरून धरलेलं अनेकदा तिथे कोसळतं. एडीएचडीतही तेच. बाकावरून न उठता खिडकीबाहेर हरवलेली मुलगी 'स्वप्नाळू' ठरते. मात्र अशा हरवण्यात काही सेकंद पूर्ण शून्यात नजर, हाक मारली तरी भान नाही आणि मग जणू काही झालंच नाही, असं होत असेल, तर आधी फिटचा विचार करून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, करायला हवी.

भाषेचा घोळ निराळाच. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि बोलण्याचा खरा विकारही होत नाही. दुभाषिक मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. अडचण घरच्या भाषेतही असेल तर ती खरी, फक्त शाळेच्या भाषेत असेल तर तो शिकण्याचा काळ. तपासणारा एकच भाषा जाणतो, म्हणून घरची भाषा बंद करायला सांगितली जाते, आणि आजीशी बोलण्याची वाटच तुटते. हा सल्ला मला सगळ्यांत जास्त खटकतो. अध्ययन अक्षमतेत याचं गणित आणखी बिकट होतं. पूर्वी बुद्ध्यांक आणि वाचनाची पातळी यांतली तफावत मोठी असेल तरच डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, मानत. पुस्तकांशिवाय वाढलेल्या मुलाचे शब्दसंग्रहाचे गुण कमी, त्यामुळे बुद्ध्यांक कमी, त्यामुळे तफावत लहान, आणि मदत बंद. डीएसएम-५ या निदानाच्या निकषांच्या अमेरिकी ग्रंथाने २०१३ साली ही अट काढली. आता मुद्दाम दिलेल्या मदतीनंतरही अडचण किमान ६ महिने टिकली पाहिजे असं पाहतात, आणि शिकवणं अपुरं पडलं किंवा शाळेची भाषाच येत नाही अशी कारणं आधी वगळायची असतात. हे योग्यच आहे, पण स्थलांतरित मुलाच्या बाबतीत त्याच कलमाआड वर्षं निघून जातात: 'आधी भाषा येऊ दे, मग बघू.' मदत ताबडतोब सुरू करून तिला मूल कसं प्रतिसाद देतं याची लेखी नोंद ठेवणं, हाच यातून मार्ग.

एडीएचडीला लक्षणं दोन ठिकाणी हवीत, साधारण घरी आणि शाळेत. ती १२ वर्षांच्या आधी सुरू झालेली हवीत आणि लक्ष न टिकण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या ९ लक्षणांपैकी ६ तरी ६ महिने टिकलेली हवीत. एडीएचडीसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हँडरबिल्ट प्रश्नावलीत पालकांसाठी ५५ प्रश्न आहेत, शिक्षकांसाठी ४३. उत्तरं 'कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, फार वेळा' अशी, आणि त्यांतली शेवटची दोनच लक्षण म्हणून मोजली जातात. म्हणजे सगळं निदान 'कधीकधी' आणि 'बरेचदा' यांमधल्या रेषेवर उभं! एका घरात मुलाने दिवसातून दोनदा दप्तर विसरणं 'कधीकधी' असतं, दुसऱ्या घरात आठवड्यातून दोनदा म्हणजे 'फार वेळा'. फॉर्म देताना तोंडी सांगून टाकावं, की रोज किंवा जवळपास रोज घडत असेल तरच 'फार वेळा' लिहा, आणि तुलना त्याच वयाच्या मुलांशी करा. शिक्षिकेच्या फॉर्मवर सगळ्यांत वर मुलाची जन्मतारीख लिहा आणि तिला विनंती करा, की वर्गातल्या सर्वांत लहान तीन-चार मुलांशी ताडून पाहा. एवढ्याने ऑगस्टच्या मुलाचा निम्मा घोळ सुटतो.

चंचल दिसणाऱ्या प्रत्येक मुलाची झोप, श्रवण, नजर आणि रक्तातलं लोह आधी पाहावं. घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं, रात्री नीट न झोपणारं मूल दिवसा मंद होण्याऐवजी अनेकदा भिरभिरतं. घरात मारहाण, सततची असुरक्षितता असेल तर मूल दारावरच्या प्रत्येक आवाजाकडे वळतं, आणि वर्गात ते 'लक्ष नाही' म्हणून नोंदलं जातं. रुमानियातल्या अनाथाश्रमांतून इंग्लंडमध्ये दत्तक आलेल्या काही मुलांत ऑटिझमसारखी लक्षणं दिसली होती, आणि चांगल्या घरात त्यांतल्या काहींची ती काही वर्षांत ओसरलीही. उलट चूकही होते. त्याच वागण्याला सुस्थितीतल्या मुलाच्या कागदावर 'एडीएचडी' लिहिलं जातं आणि गरीब किंवा अल्पसंख्य मुलाच्या कागदावर 'वर्तनदोष'. अमेरिकेतल्या अभ्यासांत ऑटिझम असलेल्या कृष्णवर्णीय मुलांना आधी असेच चुकीचे शिक्के मिळालेले दिसले. वर्तनदोषाचा शिक्का बसला की शाळा उपचाराऐवजी शिक्षेकडे वळते.

मग मोठे आकडे वाचायचे कसे? अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण २००० साली १५० मध्ये १ होतं, २०२२ च्या मोजणीत ३१ मध्ये १. डेन्मार्कमध्ये वाढीचा सुमारे ६० टक्के भाग निदानाचे निकष आणि नोंदणीची पद्धत बदलल्यामुळे होता, असं २०१५ साली दाखवलं गेलं. कॅलिफोर्नियात ऑटिझम असलेल्या मुलाच्या २५० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना पुढच्या वर्षात तेच निदान मिळण्याची शक्यता ४२ टक्के जास्त निघाली. ऑटिझम शेजारून लागत नाही. शेजारणीकडून डॉक्टरांचं नाव आणि अर्ज कुठे करायचा ते कळतं. दक्षिण कोरियातल्या गोयांग शहराच्या इल्सान भागात ७ ते १२ वर्षांच्या सगळ्या मुलांना धरून पाहणी केली, तेव्हा प्रमाण २.६४ टक्के निघालं, आणि त्यांतली दोन तृतीयांश मुलं साध्या शाळेत निदानाविना बसलेली होती. आणखी एक बारकावा: २०२० च्या अमेरिकी मोजणीत प्रथमच कृष्णवर्णीय मुलांतलं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आलं. अंतर मिटलं म्हणून आनंद व्हावा, पण त्या कृष्णवर्णीय मुलांपैकी निम्म्यांना सोबत बौद्धिक दिव्यांगता होती, गोऱ्या मुलांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आत. म्हणजे ज्यांची अडचण ढळढळीत आहे ती सापडू लागली आहेत, सौम्य असलेली बहुधा अजूनही सुटताहेत.

तपासणीची तारीख लांबची मिळाली असेल तर तोवर हातावर हात ठेवून बसू नका. स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिलेले उपचार) सुरू करायला सहसा निदानाचा कागद लागत नाही, मुलाची अडचण दिसणं पुरेसं आहे. श्रवणचाचणी आधीच करून घ्या, नाहीतर पहिल्या भेटीत तीच करायला सांगतात आणि एक फेरी फुकट जाते. एका वहीत तारीख, ठिकाण, आधी काय घडलं, मुलाने काय केलं आणि किती वेळ, एवढंच लिहा. 'खूप त्रास देतो' असं लिहू नका. दोन-तीन मिनिटांचे चार व्हिडिओ घ्या: जेवताना, एकटं खेळताना, दुसऱ्या मुलांत असताना, आणि हाक मारल्यावर. अनोळखी खोलीत चाळीस मिनिटांत जे दिसत नाही ते यात दिसतं. भाषेची अडचण असेल तर दुभाषी आधीच मागून ठेवा. मोठ्या भावंडाला ते काम देऊ नका. आठ-दहा वर्षांचं मूल आईचं अवघड वाक्य मऊ करून सांगतं. तारीख मिळाल्यावर जाता आलं नाही, तर फोन करून दुसरी लगेच मागा. नाव यादीतून गळण्याची ही अगदी साधी आणि वारंवार घडणारी जागा आहे, आणि रोजंदारी बुडवून यावं लागणाऱ्यांच्या वाट्याला ती हमखास येते.